बाहेरची नऊ वर्षं

दगा मिस्त्रीनं चिरलेल्या सागाच्या फळीत पांढरं दाखवा आणि त्याची मिशी उतरवा, अशी पैज कडोदऱ्याच्या लाटीत कायमची लागलेली होती. सव्वीस वर्षांत ती कोणी जिंकली नाही. लाटी म्हणजे लाकडाची वखार. सुरतेत राहून जो वखारीला वखार म्हणतो तो कालच गाडीतून उतरलाय असं समजावं. तर त्या लाटीत, मावजीशेठच्या करवतीवर, दगा सव्वीस वर्षं उभा होता. साग आला की आधी साल उतरायची, मग सालीखालचा बोटभर पांढरट थर उतरायचा, आणि आतलं सोनेरी लाकूड तेवढं गिऱ्हाइकाला द्यायचं. पांढरं कच्चं असतं. त्याला पावसाळ्यात भुंगा लागतो, पीठ गळतं, आणि ज्याच्या दाराची चौकट पीठ गाळते तो मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. हे दगाला त्याच्या उस्तादानं, नवापूरच्या लोटू मिस्त्रीनं, पहिल्याच दिवशी कानफटात मारून शिकवलं होतं. कानफटात मारून शिकवलेलं माणूस मरेपर्यंत विसरत नाही.

दगा तसा पिंपळनेरकडचा. सुरतेतल्या नवागाममध्ये दोन खोल्या, बायको उषाबाई, आणि एकच पोर, रंजना. गल्लीतल्या पोरी दहावी झाली की पर्वत पाटियाला साड्यांच्या गाळ्यात टिकल्या चिकटवायला जायच्या. ही पोर झाडपाल्याच्या शास्त्रात एम.एस्सी. झाली, तीही पहिल्या वर्गात. भावकीतला धुडकू एकदा लग्नात सगळ्यांदेखत म्हणाला, "शिकवून शिकवून काय कलेक्टर करणार का रे, दगा?" दगा म्हणाला, "झाली तर तुला शिपाई ठेवायला सांगेन, काळजी नको करू." धुडकूनं पुढं वर्षभर तोंड दाखवलं नाही. पोरीचा विषय निघाला की दगाची छाती अशी फुगायची, आणि उषाबाई तिच्या अहिराणीत म्हणायची, "बस करा आते, बटन तुटी जाई."

सत्त्याण्णव सालची गोष्ट. रंजनाच्या कॉलेजात व्यास सर म्हणून होते, त्यांना डांगच्या जंगलाचं एक काम मिळालं. जंगल वर्षाला किती वाढतं ते मोजायचं, त्यासाठी झाडांच्या खोडाच्या चकत्या मिळवायच्या. आता जंगल काय कापड आहे मीटरनं मोजायला? दगानं हेच विचारलं. बापलेक रात्री जेवायला बसले होते. घरात बोलणं अहिराणीत चालायचं, पण शास्त्राचं काही सांगायचं म्हटलं की रंजना मराठीवर यायची.

"आबा, आपल्या देशाचा एक उपग्रह आकाशातून फिरतो. जंगलाचे फोटो काढतो. त्या फोटोत हिरवं किती आहे ते आकड्यात मोजता येतं."

"मग झालं की. तुला लाकडं कशाला पाहिजेत?"

"हिरवं म्हणजे पान, आबा. जंगलात घाणेरी माजली तरी वरून हिरवंच दिसणार. लाकूड किती चढलं ते फोटोत येत नाही. ते झाडाच्या पोटात असतं."

"ते मला सांगू नको," दगा म्हणाला. "वर्षाला एक रेघ. पाऊस चांगला तर जाड, नाही तर बारीक. बहात्तरच्या दुष्काळाची रेघ मी नुसतं बोट फिरवून दाखवतो."

"तेच. उपग्रहाचं हिरवं आणि झाडाची रेघ, एकाच वर्षाची, शेजारी शेजारी ठेवायची. जुळली, तर पुढं एकही झाड न तोडता फोटोवरून सांगता येईल की कोणतं जंगल वर्षाला किती लाकूड तयार करतंय. नाही जुळली, तर फोटोत जे दाट दिसतंय ते आतून उपाशी आहे, हे तरी कळेल."

"उपाशीच आहे." दगानं भाकरी मोडता मोडता हात थांबवला. "मी लाटीत लागलो तेव्हा डांगच्या सागात नखाएवढी रेघ असायची. आता सुतळीएवढी. कोणाला सांगू? शेठला सांगितलं तर म्हणतो, भाव वाढव. कधीपासून फिरतोय हा तुझा उपग्रह?"

"अठ्ठ्याऐंशीपासून. नऊच वर्षं झाली. म्हणजे आपल्या कामाच्या नऊच रेघा."

दगानं मान डोलावली आणि आमटी मागितली. नीट ध्यानात ठेवा, त्यानं ऐकलं होतं. नव्या रेघा बाहेरून चढतात, सगळ्यात नवी सालीला चिकटलेली असते, हे त्याला शाळेत न जाता ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि हाताला आठवणं वेगळं.

जानेवारीत सरकारनं त्या जंगलाचा एक तुकडा तोडायला काढला होता. सरांनी जंगल खात्याच्या लाकूड डेपोत चार महिने खेटे घातले तेव्हा तिथल्या बत्तीस झाडांची एकेक चकती कॉलेजला मिळाली. एकदाच मिळेल, पुन्हा मागायला यायचं नाही, असं बजावून. या बत्तीस चकत्यांवर रंजनाची पीएच.डी.ची जागा अवलंबून होती. जूनमध्ये बाहेरगावची समिती येणार, तिला नऊ वर्षांचे आकडे दाखवले की जागा पक्की. नाही दाखवले तर जागा जाणार, आणि नवागामच्या पोरीला दुसरी जागा द्यायला कोणी टपून बसलेलं नव्हतं.

चकत्या आल्या त्या करवतीच्या ओरखड्यांनी भरलेल्या, चिखलानं माखलेल्या. रेघ मोजायची तर त्या घासून काचेसारख्या करायला हव्यात. कॉलेजातलं घासायचं यंत्र बंद पडलेलं. सर म्हणाले, कोणी चांगला सुतार आहे का ओळखीचा? आणि आमची रंजना एकदम बोलून गेली, "सर, माझे वडील आहेत ना." बोलताना तिला काय वाटलं असेल ते दगाला नंतर फार आठवायचं. सुरतेतली मोठ्या घरची पोरं शेजारी बसलेली असताना ती म्हणाली होती, माझे वडील आहेत.

दुसऱ्याच दिवशी तिला बारा दिवसांसाठी अहमदाबादला जायचं होतं, उपग्रहाचे फोटो संगणकावर कसे वाचायचे ते शिकायला. जाताना तिनं बापाला एकच सांगितलं, "आबा, एकेक रेघ दिसली पाहिजे. केसाएवढी असली तरी."

"तू परत ये, मग बोल," दगा म्हणाला.

रविवारी लाटी बंद असते. दगानं शेठकडून किल्ली मागून घेतली. मावजीशेठ हसले, "मिस्त्री, आज कोनुं फर्निचर?" दगा म्हणाला, "दीकरीनुं." लेकीचं. दोन रविवार आणि मधल्या सगळ्या संध्याकाळी त्यानं त्या चकत्यांवर घातल्या. असं काम त्यानं बडोद्याच्या कुठल्याशा संस्थानिकाच्या दारांवरही केलं नव्हतं. पहिलीच चकती उलटी केली तर पांढऱ्यात दोन भोकं. भुंगा! पोरीनं जिवापाड मिळवलेला माल, आणि त्यात कीड? एकात शिरली की बत्तिसात शिरायला किती वेळ? त्यानं करवत सुरू केली आणि एकेक चकती गोल फिरवत साल, आणि सालीखालचं बोटभर पांढरं, सगळं साफ उतरवलं. सालीवर पत्र्याचे नंबर ठोकलेले होते. ते हरवू नयेत म्हणून आधी प्रत्येकाचा नंबर चकतीच्या पाठीवर खिळ्यानं कोरून घेतला. इतकी काळजी! मग घासायचा जाड कागद, मग बारीक कागद, मग त्याहून बारीक, आणि शेवटी कोरड्या फडक्यानं पुसून काढलं. आतली रेघन् रेघ उठून आली. केसाएवढीसुद्धा. ढलप्यांची चार ओझी झाली, ती टेम्पोत घालून घरी आणली. एवढा साग वाया कशाला घालवायचा, चुलीला होईल.

रंजना परत आली ती सकाळच्या गाडीनं. उषाबाईनं मागच्या दारी चूल पेटवून पाणी तापवून ठेवलं होतं. पोर न्हाऊन आली, डोक्याला पंचा गुंडाळलेला, चहा घेतला, अहमदाबादचं थोडं सांगितलं. दगानं त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती. त्याला धीर निघेना. आतल्या खोलीत जुन्या साड्यांत गुंडाळून ठेवलेला ढीग त्यानं उघडला आणि वरची चकती तिच्या हातात दिली.

तिनं ती खिडकीपाशी नेली. "आबा!" म्हणाली. "किती सुंदर!" खरंच म्हणाली ती तसं. मग तिचं बोट मधल्या ठिपक्यापासून बाहेर बाहेर जात कडेला आलं, आणि कडेवरच फिरत राहिलं.

"आबा, बाहेरचं कुठंय?"

"कोणतं बाहेरचं?"

"पांढरं."

"पांढरं?" दगा हसला. "पांढरं मी ठेवीन होय? अगं भुंगा..."

हसू अर्ध्यात राहिलं. जेवायला बसलेली ती रात्र त्याला आठवली, आमटीच्या वाटीसकट आठवली. नऊच रेघा. तो तिथंच खाली बसला. रंजनानं दुसरी चकती उघडली, तिसरी उघडली, मग सगळ्या भराभरा उघडत गेली. बत्तिसांचं सोनं चकाकत होतं. सत्त्याऐंशी साल होतं, शहाऐंशी होतं, बहात्तरचा दुष्काळ होता, बापजाद्यांच्या वेळचे पाऊस होते. अठ्ठ्याऐंशीपासून पुढचं एकही वर्ष कुठल्याही चकतीवर नव्हतं.

"ढलप्या?" ती म्हणाली. "आबा, ढलप्या कुठं टाकल्या? लाटीत आहेत?"

उषाबाई दारातून म्हणाली, "ढलप्या? त्या तं चुलामा गयात. आतेच तुन्हं पाणी तपाडं ना मी."

रंजनाच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. मग उषाबाईलाच आठवलं की एक ओझं तिनं शेजारच्या धुरपदाबाईला दिलं होतं. दोघी अनवाणी पळाल्या. धुरपदाबाईच्या चुलीमागे सात तुकडे निघाले. रंजनानं दुपारभर जमिनीवर बसून ते सात तुकडे बत्तीस चकत्यांना लावून पाहिले. करवतीनं मधली रेघ-दीड रेघ खाल्लेली, तुकड्यावर नंबर नाही, कडा जळक्या. एक जुळला. दगाला वाटलं, देव पावला.

"एक तरी मिळालं की नाही?" तो म्हणाला.

"एका झाडावर जंगल मोजता येत नाही, आबा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तुमची चूक नाही. मी सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं, हे काय सांगायचं."

आणि दगालाही तेच वाटलं होतं की, हे काय विचारायचं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण मारुती तरी देव असतो हो. इथं हाती काय राहिलं? बत्तीस गुळगुळीत पाट, पोळ्या लाटायच्या लायकीचे.

पुढं आठ दिवस घरात कोणी धड बोललं नाही. रंजना सकाळी कॉलेजात जायची, संध्याकाळी यायची, भिंतीकडे तोंड करून वाचायची. दगा लाटीत करवतीपुढं लाकूड धरायचा आणि तसाच उभा राहायचा. दोनदा पातं बोटाजवळून गेलं, तेव्हा शेठनं त्याला हाताला धरून बाकावर बसवलं. घरी उषाबाई म्हणायची, "तिले सांगी द्या ना एकदाव, चुकी झायी म्हनीसन."

"सांगितलं. ती म्हणते तुमची चूक नाही."

"मंग?"

"मग काय मग! तेच तर सोसत नाही मला. शिव्या दे म्हणावं. पाय धर म्हणाली तर पाय धरतो."

त्याच्या डोक्यात एकच घुमायला लागलं. सर तिला बोलत असतील. मोठ्या घरची पोरं हसत असतील. आणि ती बापाचं नाव न घेता सगळं निमूट ऐकून घेत असणार. करून सवरून आपण नामानिराळे राहायचं आणि पोरीनं भरायचं? हे कुठल्या जातीत बसतं? मंगळवारी त्यानं धुतलेला सदरा घातला आणि रंजनाला न सांगता कॉलेजात गेला. ती त्या वेळी ग्रंथालयात असते हे त्याला माहीत होतं.

व्यास सर भला माणूस. त्यांना मराठी समजे, बोलत ते गुजरातीत. त्यांनी दगाला खुर्ची दिली, पाणी दिलं. टेबलावर टाइप केलेलं एक पत्र होतं, त्यावर पेन आडवं ठेवलेलं.

"साहेब, त्या चकत्यांचं पांढरं मी कापलं," दगा हात जोडून म्हणाला. "पोरीचा काही दोष नाही. ती गावाला गेली होती. मी अडाणी माणूस, हाताच्या सवयीनं कापून बसलो. जे काय बोलायचं ते मला बोला."

सरांनी चष्मा काढला. "तुम्ही कापलं? डेपोतून सालीसकट आल्या होत्या?"

"हो साहेब. साल, पांढरं, सगळं अंगावर होतं."

"नक्की, काका? आठवून सांगा."

"देवाशपथ. मी आयुष्यात खोटं बोललो नाही साहेब, आता म्हातारपणी काय बोलू?"

सरांनी चष्मा परत चढवला. मग ते टाइप केलेलं पत्र त्यांनी उचललं, ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि म्हणाले, "ठीक छे काका. तुम्ही जा."

एक शब्द वाकडा नाही! दगाची छाती हलकी झाली. येताना त्यानं पाव किलो खमण बांधून घेतलं, आठ दिवसांत पहिल्यांदा घरात कोणी काही गोडीनं आणलं. रंजना आल्या आल्या त्यानं सांगून टाकलं. सरांकडे जाऊन आलो. सगळं खरं खरं सांगितलं. आता तुला कोणी काही म्हणणार नाही.

तिनं पिशवी खांद्यावरून काढली नाही. तशीच उभी राहिली.

"आबा, तुम्हाला कोणी सांगितलं होतं जायला?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? मी केलं, मी..."

"मी सरांना सांगितलं होतं की चकत्या डेपोतूनच तशा तासून आल्या." ती जमिनीकडे बघून बोलत होती. "आपल्या हातून बिघडल्या तर पुन्हा मिळत नाहीत, तसं लिहून घेतलंय डेपोवाल्यांनी. पण त्यांच्याकडूनच बिघडून आल्या असतील तर दुसऱ्या द्याव्या लागतात. खुंट अजून जागेवर आहेत. पावसाच्या आधी प्रत्येक खुंटाचा एक काप मिळाला असता, साल-पांढऱ्यासकट. सरांनी पत्र टाइप केलं होतं. आज सही होऊन जाणार होतं."

खमणाचा पुडा दगाच्या हातात तसाच होता. "मग मला का नाही सांगितलंस, रंजी?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला खोटं बोलू दिलं असतं?"

दिलं नसतं. कान धरून स्वतः घेऊन गेला असता सरांपुढं. साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, आणि पोरीला तर सगळ्यांत जास्त. तिनं आठ दिवस तोंड मिटून ठेवलं होतं ते रागानं नव्हे, आणि हा मूर्ख माणूस तिकडं जाऊन सगळ्यावर पाणी ओतून आला होता. उषाबाई पदर तोंडात घालून रडायला लागली. रंजना रडली नाही. ती म्हणाली, "जेवून घ्या," आणि आत गेली.

बुधवारी सरांनी तिला बोलावलं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बरी दिसत होती. दोन भाकरी खाल्ल्या, आईनं गाळ्यातून कामाला आणलेल्या साड्यांचे धागे कापू लागली.

"सर काय म्हणाले?" दगानं भीत भीत विचारलं.

"विचारलं त्यांनी. मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"जे सांगायचं ते."

दगाला वाटलं, पोर आपल्या बोलण्याला चिकटून राहिली. म्हणजे आता सरांपुढं दोन तोंडं झाली, बापाचं एक आणि लेकीचं एक. खोटं कोण? मग त्याच्या मनानं घेतलं. बापाचं खोटं ठरलं की लेकीचं आपोआप खरं ठरतं. साधा हिशेब. पत्र अजून ड्रॉवरमध्येच असेल. पाऊस यायला पंधरा-वीस दिवस आहेत.

गुरुवारी दुपारी, जेवायच्या सुट्टीत, त्यानं लाटीच्या मागे भुशाच्या ढिगापाशी उभं राहून पाठ केलं. "साहेब, परवा मी खोटं बोललो. माल डेपोतूनच तसा आला." पहिल्यांदा अर्ध्यावरच थांबला. दुसऱ्यांदा शब्द पुढंमागं झाले. आठ-दहा वेळा म्हटलं तेव्हा जरा बसलं. पण सर विचारतील, परवा मग देवाशपथ कशाला घेतली? त्यालाही उत्तर शोधलं. उभ्या जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस, त्यानं ठरवलं, सांगायचं की मी पितो. पन्नाशी उलटलेला माणूस भुशात उभा राहून खोटं पाठ करतोय, हे बघून कोणाला हसू येईल तर येवो. मला येत नाही.

सरांच्या खोलीत तो बसला नाही. उभ्यानंच म्हणाला. एका दमात, न अडखळता.

"साहेब, परवा मी खोटं बोललो. माल डेपोतूनच तसा तासून आला होता. मी कापलं नाही. मला दारूचं व्यसन आहे, साहेब. परवा पिऊन आलो होतो, काय बरळलो मलाच कळलं नाही. पोर सांगते ते खरं."

चांगलं बोलला तो. खरंच चांगलं बोलला. सरांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी फाइलमधून एक कागद काढला.

"हे रंजनानं काल लिहून दिलं. इंग्रजीत आहे. वाचून दाखवतो."

आणि त्यांनी एकेक ओळ सावकाश गुजरातीत सांगितली. चकत्या डेपोतून पूर्ण आल्या होत्या. डेपोचा काही दोष नाही. खोटं मी बोलले. माझे वडील जे सांगून गेले ते सगळं खरं आहे. त्यांनी आयुष्यात कधी खोटं सांगितलेलं नाही, तेव्हा त्यांच्या शब्दावर कोणी संशय घेऊ नये. मी माझी जागा सोडते आहे.

"मी तिला म्हटलं होतं," सर हळू आवाजात म्हणाले, "वडिलांचा गोंधळ झाला असेल, वय झालंय, एवढंच लिही. मी पत्र पाठवतो. कागद मीच पुढं केला. तिनं हे लिहिलं."

बाहेर पोरापोरींचा गलका चालला होता. दगाला ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं.

"काका, पत्र अजून माझ्याकडे आहे." सरांनी ड्रॉवरवर हात ठेवला. "मलाही ती पोर घालवायची नाही. पण मला कोणतं तरी एक खरं धरायला पाहिजे. तुमचं आजचं खरं धरू, की तिचं कालचं?"

सांगायचं फक्त एवढंच होतं, माझं. एक शब्द. भुशात उभं राहून त्यानं सगळं पाठ केलं होतं, पण हे सर विचारतील असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं. 'माझं' म्हणायचं म्हणजे पोरीनं सही करून लिहिलेली ती ओळ, बाप कधी खोटं बोलत नाही ही, तिच्याच सरांपुढं खोटी पाडायची. 'तिचं' म्हणायचं म्हणजे तिची जागा आपल्या तोंडानं घालवायची. सर थांबले होते. दगानं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं, आणि त्याच्या तोंडून जे सव्वीस वर्षं, पन्नास वर्षं निघत आलं होतं तेच निघालं.

"पोरीचं," तो म्हणाला. "पोरीचं खरं आहे, साहेब."

सरांनी ड्रॉवर उघडला, टाइप केलेलं पत्र बाहेर काढलं आणि त्याचे चार तुकडे करून टोपलीत टाकले.